सगळ्या रमाबाई एकच!

‘शारदा सदन कोणी स्थापन केले?’ या प्रश्नाला ‘रमाबाई रानडे’ असे उत्तर लिहिणाऱ्या परीक्षार्थ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, अशी माझी मागणी आहे. शारदा सदन पंडिता रमाबाईंचे, मुंबईत 1889 साली निघालेले. रानड्यांच्या रमाबाईंचे ते पुण्याचे सेवासदन, 1909 चे. हा फरक मान्य करूनही मागणी कायम आहे. त्या मुलाने आपल्या पूर्वजांचा कित्ता इमानेइतबारे गिरवला आहे.

पूर्वजांनी या कामी कष्टही काही कमी घेतले नव्हते. कुर्लेकरांची यमुना 1873 साली महादेव गोविंद रानड्यांच्या घरात आली आणि रमाबाई झाली. पुढच्याच वर्षी कल्याणच्या जोशींकडे आणखी एका यमुनेची आनंदीबाई झाली. तीच पुढे डॉक्टर झाली. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, केवढी क्रांती! पण नाव बदलायची रीत क्रांतीतही सुटली नाही, आणि महाराष्ट्राला आणखी एक आनंदीबाई मिळाली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीच्या टोकाने त्यावर नवे नाव लिहायचे, ते सगळ्यांना वाचून दाखवायचे. एवढ्यात काम होई. मुलीने ज्या हाकेला तोवर ओ दिली, ती हाक माहेरी राही.

आता गल्लत करणाऱ्याची दृष्टी किती सखोल, तेही बघा. कर्व्यांच्या आनंदीबाई या शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पुण्यात 1882 साली आर्य महिला समाज निघाला तेव्हा दोन्ही रमाबाई त्यात होत्या. आणि मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. म्हणजे ‘पहिल्या डॉक्टर रमाबाई’ असे जो लिहितो, त्याचे गाव बरोबर, साल बरोबर, सभागृहसुद्धा बरोबर. फक्त खुर्ची चुकली.

एकविसाव्या वर्षी, 1887 साली, ही डॉक्टर गेली. तरी ‘आनंदीबाई’ म्हटले की आधी आठवते ती ‘ध चा मा’ केल्याचा आळ आलेली पेशवीणच. एका अक्षराच्या आळाने अडीचशे वर्षे टिकावे आणि समुद्र ओलांडून मिळवलेल्या पदवीने रांगेत थांबावे, इतकी आपली स्मरणशक्ती शिस्तीची आहे.

पंडिता रमाबाई या शिस्तीत बसल्या नाहीत. डोंगरे घराण्यातल्या या मुलीने बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केल्यावरही आपले नाव तेच ठेवले. ‘पंडिता’ ही पदवी त्याआधीच, कलकत्त्यात, स्वतःच्या विद्वत्तेवर मिळवलेली. हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणाऱ्या या बाईचे शारदा सदन आपण रानड्यांच्या नावावर बिनदिक्कत चढवतो. स्वतःचे नाव राखून ठेवण्याची शिक्षा म्हणा हवी तर.

गोपाळांचे मात्र तसे नाही. गोपाळ गणेश आगरकर आणि गोपाळ कृष्ण गोखले: शहर एक, फर्ग्युसन कॉलेज एक, काही काळ ‘सुधारक’ही एकच. पण दोघे आपापल्या वडिलांचे नाव आणि आडनाव घेऊन ऐटीत उभे आहेत, आणि बोहल्यावर कोणी त्यांच्यासाठी तांदूळ पसरले नव्हते.