अ‍ॅडमिन हयात आहेत

कबुतराला पक्षी म्हणावं की नाही, या प्रश्नावर आमचा पक्षीनिरीक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मुका झाला. 2025च्या ऑगस्टमध्ये दाणे टाकणं थांबवायला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि इकडे कल्याण-डोंबिवलीत दोन तट पडले. एरवी सातपुलावरच्या खंड्याच्या फोटोखाली ‘वा, सुंदर टिपलाय’ यापलीकडे न जाणारी माणसं एकमेकांची फुप्फुसं आणि पापपुण्य काढू लागली. तेव्हा आमचे ठाण्याचे अ‍ॅडमिन कित्येक महिन्यांनी जागे झाले, ‘फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील’ हे बटण दाबलं आणि पुन्हा निजले.

तक्रार करायची तर कुठे? तक्रारीची जागाच त्यांच्या कुलुपात. हिवाळा आला, खाडीत रोहित उतरले, येऊरच्या वाटेवर स्वर्गीय नर्तक दिसल्याची कुजबूज झाली. ग्रुपवर मात्र त्या शेवटच्या सूचनेखाली शुकशुकाट. आत यायची परवानगी मागणारे नवे पक्षीप्रेमी दाराशी तसेच ताटकळलेले.

आमच्यातल्या एकाने मराठी विकिपीडियाचा दाखला दिला. तिथे दोन वर्षं काहीच न करणाऱ्या प्रचालकाला रीतसर विचारतात आणि उत्तर आलं नाही तर अधिकार काढून घेतात. आम्ही हरखलो. मग कळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढणाऱ्याला कुणीही हटवू शकत नाही. तो स्वतः बाहेर पडला तरच सुटका. एका वकीलबाईंनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021चा निकालही पाठवला, की सदस्यांच्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन सहसा जबाबदार नसतो. आमच्या अ‍ॅडमिननी हा निकाल कोर्टाच्या बराच आधी, आणि कुठल्याच मजकुराचा अपवाद न करता, स्वतःपुरता लावून घेतला होता.

पण खरी अडचण नियमाची नव्हतीच. लोकलमधल्या चौथ्या सीटसाठी रक्त आटवणारा डोंबिवलीकर ‘साहेब, आता पायउतार व्हा’ एवढं म्हणू शकेना. ‘फुकटात करतात हो बिचारे!’ या एका वाक्यापाशी प्रत्येक बंड विरघळायचं. पगारी माणसाचा पगार तरी कापता येतो. बिनपगारी माणसाचं काय कापणार? शिवाय त्यांना हटवलं की ते काम आपल्या गळ्यात पडेल, ही भीती सगळ्यांना होतीच. फक्त तिला आम्ही ‘ज्येष्ठांचा मान’ म्हणत होतो. मी स्वतः ‘सर, सवडीने बघाल का?’ असा नम्र निरोप पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. दुसऱ्या दिवशी नुसता अंगठा आला.

शेवटी आम्ही मराठी माणसाला साजेलसं केलं: मूळ संस्था तशीच ठेवून दुसरी काढली. तीच माणसं, तेच खंड्याचे फोटो, फक्त साहेब नाहीत. जुना ग्रुप सोडायचं धाडस मात्र कुणी केलं नाही. ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ हे त्यांना कळलं तर काय वाटेल!

फेब्रुवारीत ऐरोलीच्या जेट्टीवर साहेब प्रत्यक्ष भेटले. गळ्यात दुर्बीण, चेहऱ्यावर समाधान.

“बघा, आपल्या ग्रुपला कशी शिस्त लागली,” ते म्हणाले. “बाकीचे ग्रुप नुसते भांडत असतात. आपल्याकडे सहा महिन्यांत एक वावगा शब्द नाही.”

आम्ही माना डोलावल्या. त्या रात्री कुणाला तरी फार वाईट वाटलं आणि त्याने साहेबांना नव्या ग्रुपमध्ये घेतलं. वयाचा मान म्हणून अ‍ॅडमिनही केलं.