हरकतीची मुदत

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं सगळं खरं असतं. फक्त ते कोणत्या साली खरं होतं, एवढंच लिहिलेलं नसतं. आमच्या कंपनीची एक सेवा आहे. दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं तिच्याकडे बिलाची माहिती मागतात, ती देते. कशी मागावी हे सांगणारं एक पान आहे. पानावर लिहिलं होतं, ग्राहक क्रमांक आठ अंकी द्यावा. आणि सेवेला दहा अंकांशिवाय काही कळत नव्हतं. तळाशी ओळ होती, ‘हे पान लवकरच अद्ययावत करण्यात येईल’. ती लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून, लग्न करून कॅनडात स्थायिक झाले, तरी ओळ आपली आशेवर.

यात नवल काही नाही. कोड चुकला तर सेवा बंद पडते आणि साहेबांचा फोन वाजतो. डॉक्युमेंटेशन चुकलं तर वाचणाऱ्याचं डोकं फिरतं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्याला कुणी अलार्म लावलेला नसतो.

तर असं ठरलं, की हे काम माणसाने करूच नये. कोड बदलला की एक पायरी आपोआप चालावी, तिने कोडमधूनच पान तयार करावं आणि जागेवर नेऊन ठेवावं. सोय आहेच. सेवेचं वर्णन ठरावीक साच्यात लिहायची पद्धत 2011 साली स्वॅगर या नावाने आली, 2016 पासून तिला ओपनएपीआय म्हणतात. आणि 2019 च्या अखेरीस कोड ठेवायच्या जागेवर, म्हणजे गिटहबवर, ‘ॲक्शन्स’ सगळ्यांसाठी खुलं झाल्यापासून अशी पायरी लावायला एक फाइल लिहिली की पुरतं. काम माझ्याकडे आलं. मी घरून, म्हणजे विदर्भातल्या केळझरहून काम करतो, आणि गावात वेळ पुष्कळ असतो अशी पुण्याच्या मंडळींची ठाम समजूत आहे.

ती फाइल यामल नावाच्या पद्धतीने लिहितात. तिथे अर्थ शब्दांवर जितका ठरतो तितकाच ओळीच्या आधी सोडलेल्या रिकाम्या जागेवर. टॅब दाबायचा नाही, स्पेसबारच दाबायचा, तोही मोजून. सोवळं आजीच्या स्वयंपाकघरातही होतं, पण आजी निदान का ते सांगत असे. एखाद्या अवजाराची 3.10 ही आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर यामल तिला दशांश अपूर्णांक समजतं आणि शेवटचं शून्य गाळून 3.1 करून टाकतं. गणिताच्या पेपरात हे बरोबर आहे.

फाइल चालली की दूर कुठेतरी एक कोरी मशीन उभी राहते. तिला आपला कोडही माहीत नसतो. आधी तिला कोड आणून द्यायचा, मग अवजारं बसवायची, मग पान तयार करायचं, मग जुन्या पानाशी ताडून नवं ठेवायचं. काम संपलं की मशीन मोडीत. आमच्याकडे लाईन गेली तरी तिकडे चालूच.

गंमत शेवटच्या पायरीत आहे. पानात काही बदल नसेल तर बदलांची वही ठेवणारं गिट सांगतं, कमिट करायला, म्हणजे नोंदवायला काही नाही, आणि नापासाचा शेरा देऊन बाहेर पडतं. सगळं आलबेल आहे ही बातमी लाल फुलीने कळते. म्हणून अट घालायची: फरक असेल तरच पुढे जा. ती घातली होती. पण साहेब म्हणाले, “पान ताजं आहे हे कस्टमरला दिसलं पाहिजे. खाली तारीख टाका. वेळसुद्धा.” आता सेकंदासकट वेळ छापली की फरक पडणारच; साहेबांच्या सांगण्याने आणखी कशात नसला तरी तेवढ्यात पडतो.

गिटहबची स्वतःची एक शहाणी सोय आहे. वर्कफ्लोला (म्हणजे या पायऱ्यांना) मिळणाऱ्या नेहमीच्या टोकनने, परवान्याने म्हणा, यंत्राने काही पुश केलं, म्हणजे वर चढवलं, तर त्या पुशने वर्कफ्लो पुन्हा जागा होत नाही. नाहीतर फेऱ्यांना अंतच राहायचा नाही. परंतु परवानग्यांची कटकट नको म्हणून आमच्या एका सहकाऱ्याने उदार मनाने स्वतःचं खासगी टोकन तिथे लावून दिलं. त्याला हा नियम लागू नाही. पायरी चालली, तिने वेळ बदलली; वेळ बदलली म्हणून पुश झाला; पुश झाला म्हणून पायरी चालली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्या सहकाऱ्याच्या नावावर इतक्या नोंदी जमल्या, की महिन्याच्या आढाव्यात साहेबांनी आलेख दाखवून त्याचं सर्वांसमोर कौतुक केलं. तोही “टीमवर्क” म्हणून मोकळा झाला.

फेरे थांबवल्यावर हुकूम आला की खबरदारी म्हणून पायरी रोज रात्री दोन वाजताही चालावी. गिटहबवर वेळ लंडनकडची धरतात, उन्हाळा-हिवाळा न बघता. दोन लिहिलं की आपल्याकडे सकाळचे साडेसात. रात्रीचे दोन हवे असतील तर आदल्या दिवशीचे साडेआठ, रात्रीचे, असं सांगावं लागतं. हे साहेबांना समजावण्यापेक्षा साडेसात बरे.

ठरल्या वेळी आपोआप काही घडवण्याची कल्पना आमच्या गावाला नवी नाही म्हणा. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं गाव मानतं. बकासुराकडे गाडाभर भात, दोन रेडे आणि ते हाकणारा माणूस जायचा. घरांच्या पाळ्या लावलेल्या. व्यवस्था चोख होती, पाळी चुकत नव्हती, आणि हे चालू का आहे असं कुणी विचारत नव्हतं. पाहुणा म्हणून उतरलेल्या भीमाने गाड्यातला भात स्वतः खाल्ला आणि बकासुराला मारून पाळी कायमची बंद केली. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. नवं काम सुरू करताना लोक त्याच्याकडे जातात. चालू असलेलं बंद करायला मात्र भीमच लागतो.

तर सकाळी साडेसातला चहाच्या वेळी मेल आली. कोडमधल्या प्रत्येक कामाच्या डोक्यावर प्रोग्रॅमर दोन ओळी लिहितात, आणि पान बनवणारं अवजार त्या ओळी वर्णन म्हणून उचलतं. बिल रद्द करण्याच्या कामावर कुणीतरी कधीकाळी मनापासून लिहून ठेवलं होतं. मराठीत सांगायचं तर, ‘हे कसं चालतं देव जाणे. हात लावू नये.’ यंत्राने ते सुबक अक्षरात, चौकट आखून ग्राहकांच्या पानावर लावलं. एका ग्राहकाने कळवलं होतं, “इतकं स्पष्ट डॉक्युमेंटेशन प्रथमच पाहिलं. सूचनेप्रमाणे हात लावलेला नाही. बिल कसं रद्द करावं?”

बाबा समोर बसले होते. “काय झालं बे? सकाळीच कपाळाले हात लावून बसला.”

“कोड बदलला की त्याचा कागद आपोआप बदलतो, बाबा. तो बदलला.”

“म्हंजे फेरफार झाला का सातबारा बदलते, तसं.”

“हो, तसंच.”

“अन् नोटीस?”

“कसली नोटीस?”

“अरे, फेरफार धरला का नोटीस निंगते. पंधरा दिवस हरकतीचे. मंग मंडळ अधिकारी पाह्यते, मंजूर करते, तवा सातबाऱ्यावर चढते. तुह्या कंपनीत कोन पाह्यते?”

मी चहा घेतला. कुणीच पाह्यत नव्हतं.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 सालचा, त्यातलं हे कलम 150. मधल्या काळात सगळं संगणकावर गेलं. खरेदीखत नोंदलं की माहिती ई-फेरफारमध्ये आपोआप उतरते. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, पंधरा रुपयांत. पण एवढं ऑटोमेशन करूनही हरकतीचे पंधरा दिवस सरकारने काढून टाकले नाहीत. सरकारी कामाला हसण्याची सवय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार. या बाबतीत हसू आवरतं घ्यावं.

बाबांचं तेवढ्यावर भागलं नाही. “शेतात कपाशी अन् कागदावर तूर, हे आमी पाह्यलं हाये. मानूस शेतात गेला नाही का असंच होते.” म्हणून तर 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतःच्या गटात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. बाबा भर पावसात बांधावर एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल धरून रेंजची वाट बघत उभे असतात. फोटोत अर्धी कपाशी आणि अर्धा अंगठा येतो. पण कपाशीला तूर कुणी म्हणू शकत नाही. आमचं यंत्र कोडवरच्या ओळीवर विश्वास ठेवून मोकळं होत होतं. ते शेतात कधी गेलंच नव्हतं.

दुपारी फाइल बदलली. यंत्र आता पान थेट लावत नाही, पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी अर्ज, उघडतं: काय होतं, काय झालं, लाल-हिरवं समोरासमोर. कोणत्या पानाला कुणाची मंजुरी हवी, हे कोडओनर्स नावाच्या फाइलीत लिहून ठेवलं आहे. त्या माणसाला आपोआप नोटीस निघते. खालची वेळ काढून तिथे सेवेच्या आवृत्तीचा क्रमांक टाकला. साहेबांनी विचारलं, “मग ऑटोमेशन कसलं राहिलं?” टायपिंगचं राहिलं, असं मी म्हणालो. कंटाळवाणं तेवढंच होतं. बरोबर आहे की नाही ते बघण्याचा कंटाळा आमचा आम्हालाच करावा लागणार.

तो आम्ही जोमाने करतो आहोत. नोटीस आली की न वाचता ‘ठीक दिसतंय’ लिहून मंजूर करणारे एक, आणि नोटीस आलीच नाही असं सांगणारे बाकीचे. ‘हात लावू नये’ ही ओळ काढणारी पुल रिक्वेस्ट अजून उघडी आहे. मंजुरी देणारे तिलाही हात लावत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर नम्र विनंती: हरकत असेल तर नोंदवा, नसेल तर हिरवं बटण दाबा. दाबण्याआधी वाचलंत तरी चालेल.