पैसे भरले की झालं

माझा एक जुना सिद्धांत आहे, तो आधी सांगून टाकतो. एखाद्या कामाचे पैसे आगाऊ भरले, की ते काम आपल्या अंगावरून उतरलं. मुलीला क्लास लावला की गणित क्लासवाल्याचं, जिमची वर्षाची फी भरली की पोट जिमवाल्याचं. (पोट अजून आहे. त्यांचं ते बघून घेतील.) त्यामुळे आमच्या डिंडोलीच्या सोसायटीने ‘गिरनारचा ट्रेक आणि कच्छच्या रणात तंबूत मुक्काम, सोबत अनुभवी मार्गदर्शक’ अशी सहल ठरवली, तेव्हा सगळ्यांत आधी पैसे मी भरले, आणि गिरनार उतरून आलेल्या माणसाच्या समाधानाने सोफ्यावर आडवा झालो.

आता सुरतेत राहणाऱ्या माणसाचा चढणीशी संबंध तो काय? शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम १३ मीटरवर. चढ म्हणाल तर उड्डाणपुलांचा, तोही मी मोपेडवर बसून चढतो. रिंग रोडच्या साडी मार्केटात हिशेब लिहिण्याची माझी नोकरी. लिफ्ट बंद असली की मी वरच्या मजल्यावरच्या व्यापाऱ्यालाच वह्या घेऊन खाली बोलावतो. गिरनारचं गोरखनाथ शिखर १,११७ मीटर उंच, गुजरातेत त्याच्याहून उंच काही नाही, आणि दत्तशिखरापर्यंत जवळपास दहा हजार पायऱ्या, हे मला तोंडपाठ होतं. आकडे पाठ असणं हा माझा धंदाच आहे. ते पायांनी फेडायचे असतात, हे मात्र कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

तयारी मी केली ती वाळवंटाची. डोंगराचं काय, तो मार्गदर्शक बघणार होता. चौटा बाजारात जाऊन मलमलचे झब्बे घेतले, काळा गॉगल घेतला, डोक्याला गुंडाळायला लांबलचक पंचा घेतला आणि आरशासमोर तो गुंडाळून बघताना एकदा गळ्याला फासही बसवून घेतला. बायको तिकडे मुकाट्याने रजई आणि कानटोप्या भरत होती. “अगं, वाळवंटात चाललोय आपण, मनालीला नाही,” मी म्हणालो. ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका बोलत नाहीत, नुसत्या भरतात.

प्रवासाची सुरुवात मोठी ऐटीत झाली. हजिऱ्याहून घोघ्याला बोट जाते, २०२० पासून. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालत ३७० किलोमीटर जायचं ते पाण्यावरून नव्वदेक किलोमीटरमध्ये भागतं. आमची बस आमच्यासकट बोटीच्या पोटात शिरली. उलटीची गोळी मी बोट सुटायच्या आधी घ्यायची ती घोघा दिसल्यावर घेतली, एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

पहाटे गिरनारच्या पायथ्याशी, भवनाथच्या तळेटीत उभे होतो. २०२० मध्येच सुरू झालेला रोपवे तिथून अंबाजीच्या देवळापर्यंत सात-आठ मिनिटांत नेऊन सोडतो, पण तो उजाडल्यावर. आमची ही म्हणाली, मी निजते आणि मग पाळण्याने येते. आमचा मार्गदर्शक म्हणजे काठियावाडी, विशीतला, सुपारीच्या खांडासारखा टणक पोरगा. त्याने बॅटरीचा झोत माझ्या पोटावर एकदा फिरवला आणि आदराने म्हणाला, “काका, डोली करी लो.”

डोलीची कल्पना मला मनापासून पटली. पैसे भरायचे आणि बसायचं, म्हणजे माझाच सिद्धांत दोन माणसांनी खांद्यावर घेतलेला. पण गिरनारच्या डोलीचा दर वजनावर असतो. बेताच्या माणसाचा अंदाज डोलीवाले नुसत्या नजरेनेच बांधतात. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघांनीही काट्याकडे बोट दाखवलं. मोठा टांगता काटा. एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला वजनं चढायला लागली. चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊन जवळ आली. वजनं संपली तरी मी आपला खालीच, तेव्हा एकजण कुठूनतरी आणखी एक वजन दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला आणि ते ठेवल्यावर मी अखेर जमीन सोडली. लोकांनी हूं केलं. आकडा मोठ्याने पुकारला गेला, मागोमाग दर पुकारला गेला, आणि टपरीवरच्या एका आजोबांनी डोलीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना धीर दिला. मी काट्यावरून उतरलो आणि बाणेदारपणे म्हणालो, “मी चालत जातो.”

सगळ्यांत जास्त आनंद डोलीवाल्यांना झाला.

पहिल्या शे-दोनशे पायऱ्या मी अपमानाच्या जोरावर चढलो. नंतर अपमान संपला. काठी होती, ती मला धरून होती की मी तिला, सांगता येत नाही. गुडघे वेगवेगळ्या भाषांत बोलायला लागले. सरबताच्या दर टपरीवर मी थांबलो, आणि जसजसा वर गेलो तसतसा सरबताचा भावही माझ्यासोबत चढत गेला. फरक इतकाच की तो धापा टाकत नव्हता. आणि तो पोरगा! “बस काका, हवे थोडुंज छे.” हे तो तळेटीपासून म्हणत होता, जैन देरासरांपाशीही म्हणाला, आणि मी एका पायरीवर मांडी घालून कायमचा बसलो तेव्हाही त्याच गोडीने म्हणाला. जुनागढहून येताना त्याने अशोकाचा शिलालेख दाखवला होता. अशोक, रुद्रदामन, स्कंदगुप्त अशा तीन राजांनी एकाच खडकावर मजकूर कोरून ठेवलाय. तिघांपैकी एकालाही पायऱ्यांबद्दल दोन ओळींची सूचना लिहावीशी वाटली नाही.

अंबाजीला पोचलो तर आमची ही रोपवेतून येऊन, दर्शन करून, केसाची बट न हलवता दशमी खात बसलेली. “अहो, एवढा वेळ?” एवढंच म्हणाली.

खरा घात पुढे होता. अंबाजीहून गोरखनाथाच्या शिखरावर चढायचं, आणि तिथून दत्तशिखराला जायचं तर आधी शेकड्यांनी पायऱ्या खाली उतरायचं आणि मग पुन्हा चढायचं. मी हिशेबातला माणूस. इतक्या कष्टाने कमावलेली उंची कोणी अशी उधळून टाकतं का? मी पोराला नुकसान समजावून सांगितलं. तो म्हणाला, थोडुंज छे. शेवटी चार पायांवर वर पोचलो, पादुकांपुढे डोकं टेकलं. उचलायला दोघे लागले.

पुढचा अख्खा दिवस बसमध्ये गेला. भिरंडियाराला रणाचा परवाना काढायला सगळे उतरले. तिथला मावा प्रसिद्ध आहे, तो मला खिडकीतून भरवण्यात आला. आणि मग धोरडो. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटनगाव म्हणून निवडलेलं गाव. गॉगल, मलमल, पंचा असा सगळा साज चढवून मी रणात पाऊल टाकलं आणि वाळू शोधायला लागलो. वाळू नाहीच. क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. पावसाळ्यात इथे पाणी भरतं, ते आटलं की मागे मीठ उरतं, असं पोराने सांगितलं. माझा विश्वास बसेना, म्हणून बोटावर घेऊन चाखून बघितलं. मीठच होतं. “घरी डब्यात होतं की,” बायको म्हणाली.

पोराने बजावलं होतं की वाट सोडू नका, वरचा थर पातळ असतो आणि खाली चिखल. पण मला फोटोत मागे माणसं नको होती. चार पावलं आत गेलो. जो थर बाकीच्या मंडळींना खुशाल पेलत होता, त्याने मला काट्यावर न चढवताच ओळखलं. डावा पाय पोटरीपर्यंत आत. पाय निघाला, चप्पल निघाली नाही.

उंटावर बसायचं ठरलं होतं, पण गिरनारनंतर माझे पाय कुठल्याही प्राण्याच्या दोन बाजूंना जाण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून मला उंटगाडीत आजीबाईंबरोबर बसवलं. सूर्य बुडाला आणि जी थंडी पडली, ती मलमलमधून सरळ बरगड्यांपर्यंत आली. कानटोपी मी मागितली नाही. बायकोने ती न बोलता माझ्या डोक्यावर ओढली, अगदी नाकापर्यंत. रात्री पौर्णिमेच्या चांदण्यात रण बघायला सगळे निघाले. मी तंबूत खाली अंथरुणावर बसलो होतो आणि बसलेल्या माणसाला उठायला आधी गुडघे वाकवावे लागतात. चांदण्यातलं रण मी बायकोच्या मोबाइलवर बघितलं.

दुसऱ्या दिवशी काळो डुंगर, कच्छमधली सर्वांत उंच जागा, ४६२ मीटर. वरपर्यंत बस जाते, हे ऐकून मी टाळ्या वाजवल्या. इथल्या एका चढावर म्हणे इंजिन बंद केलेली गाडी आपोआप वर सरकते. जाणकार त्याला नजरेचा भ्रम म्हणतात. मी उतरून त्या चढावर बराच वेळ उभा राहिलो. जागचा हललो नाही.

वर पुन्हा दत्तमहाराजच. इथली कथा अशी की महाराज डोंगरावर आले तेव्हा कोल्हे भुकेले होते, द्यायला जवळ काही नव्हतं, म्हणून ‘ले अंग’ म्हणत त्यांनी आपलं शरीरच पुढे केलं. तेव्हापासून आरती झाली की पुजारी हाक मारतो, ओट्यावर भात ठेवतो आणि रानातून कोल्हे येऊन तो प्रसाद खातात. मला लोकांनी कठड्यापाशी टेकवून ठेवलं होतं. हाक झाली. झुडपातून एक कोल्हा निघाला, वाटेत थबकला, आणि त्याने मला कानटोपीपासून एकुलत्या एका चपलेपर्यंत सावकाश न्याहाळलं. पळून जाणं मला शक्य नव्हतं, हे त्यालाही दिसत असणार.

तो भात खायला गेला.