पन्नास कॅरट शहाबादी

रविवारी सकाळी साडेसातला लेकीने मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "बाबा, शहाबादी फरशी हवी." कोथिंबीर हवी म्हणावं, तितक्या सहज. दहावीच्या विज्ञानात रासायनिक अभिक्रियेचा दर नावाचं प्रकरण निघालं होतं. एका परीक्षानळीत शहाबादीचे तुकडे, दुसरीत तेवढ्याच वजनाचा चुरा, दोन्हींत ॲसिड. फेस कुठे जोरात येतो ते बघायचं आणि वहीत लिहायचं. वही सोमवारी द्यायची होती, म्हणजे प्रयोग रविवारी सुचणं ओघानेच आलं.

आता घाटकोपर पूर्वेला शहाबादी फरशी आणायची कुठून? आमच्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यांच्यावर ॲसिड ओतलं तरी ढिम्म हलायच्या नाहीत. ओट्याला ग्रॅनाइट. एके काळी हीच शहाबादी प्रत्येक मोरीत होती. आम्ही तिच्यावर कपडे आपटले, गुडघे फोडून घेतले, आणि ती कर्नाटकातल्या शहाबादहून आलेला चुनखडीचा दगड आहे हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

शेवटी आठवलं, पंतनगरात मागच्या गल्लीत एक इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे. पिशवी घेऊन डेब्रिजच्या ढिगाऱ्यावर चढलो. वॉचमनने लांबूनच हाक मारली, "ओ साहब, उधर क्या ढूंढता है?"

"फरशी. दसवीं के लिए."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. भंगारवाले त्याला माहीत होते, पण सकाळी आठला लेंग्यावर आलेला हा नवा प्रकार होता. मी प्रॅक्टिकल वगैरे समजावून सांगितल्यावर तो विरघळला आणि म्हणाला, "दसवीं का है तो बडा लो." वीतभर तुकडा मागणाऱ्या माझ्या हातात त्याने अर्धी मोरी ठेवली.

ढिगाऱ्यातून सळया बाहेर आल्या होत्या. एक सळई मी बोटाने चाचपली तर पापुद्रे हातात आले. काँक्रीट नवं असतं तेव्हा आतल्या लोखंडाला सांभाळून असतं. मग वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, आपल्याकडे समुद्राचं मीठही हवेतून येतं, पावसाळा तर दरवर्षीचा पाहुणा. लोखंड गंजायला लागतं आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तो आतून ढकलून मिळवतो. मग एक दिवस जेवताना ताटात प्लास्टर पडतं आणि सोसायटीची मीटिंग बोलावली जाते. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे ते याचसाठी. या इमारतीत कित्येक वर्षं दोन अभिक्रिया शेजारी शेजारी चालू होत्या: एक सळया गंजण्याची, दुसरी सभासदांच्या सह्या होण्याची. गंज थोडक्यात जिंकला, एवढंच. आणि ज्याला गंजाला चाळीस वर्षं लागली ते पोकलेनने आठवड्यात उरकलं.

घरी आलो तर दारातच बायको. तिने आधी फरशी पाहिली, मग माझा लेंगा, आणि मग तिची नजर सरळ गॅलरीच्या ग्रिलवर गेली. ते ग्रिल मी 2019 च्या दिवाळीत रंगवणार होतो. अजूनही रंगवणार आहे. ग्रिलवर आता इतका गंज आहे की तोच रंग समजून पाहुणे कौतुक करतात.

"दुसऱ्याच्या बिल्डिंगचा गंज बघायला वेळ आहे," ती म्हणाली.

मी तिला रसायनशास्त्राची बाजू समजावून सांगायचा प्रयत्न केला. एखादी गोष्ट होणार की नाही हा एक प्रश्न, आणि कधी होणार हा अगदी वेगळा. दोघांची उत्तरं वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात. लाकूड हवेत जळणार हे ठरलेलं आहे, पण तुमचं कपाट वर्षानुवर्षं हवेतच उभं असतं आणि जळत नाही. कारण जळण्याआधी एक टेकाड ओलांडावं लागतं. ते ओलांडण्याएवढी ऊर्जा ज्या कणांकडे असते तेवढेच पलीकडे जातात. बाकीचे एकमेकांवर आपटतात, सॉरी म्हणतात आणि परत फिरतात. ग्रिलच्या बाबतीत माझं टेकाड जरा उंच आहे.

"म्हणजे आळस," बायको म्हणाली. स्वांते अर्‍हेनियसने 1889 मध्ये यावर समीकरण मांडलं. आमच्याकडे ते एका शब्दात मावतं.

मग तुकडे आणि चुरा समान वजनाचे हवे होते. किचनमधला काटा दोन महिने बॅटरीची वाट बघतोय. मी समोरच्या शेठकडे गेलो. शेठ हिऱ्याच्या धंद्यात आहेत, रोज बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला बोर्सवर जातात. त्यांच्याकडे तळहातावर मावणारा काटा आहे आणि तो कॅरटमध्ये बोलतो. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. आम्हाला दहा ग्रॅम हवे होते. शेठनी फरशीचा तुकडा चिमट्याने उचलला, काट्यावर ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "पन्नास कॅरट. एवढा मोठा स्टोन खूप दिवसांनी पाहिला."

माझ्या अंगात सकाळपासून रसायनशास्त्र संचारलेलं होतंच. मी म्हटलं, "शेठ, तुम्हाला माहितीये का, हिरा म्हणजे नुसता कार्बन? लाव्हाझिएने 1772 मध्ये हिरा जाळून दाखवला होता."

"कुणाचा?" शेठनी पहिला प्रश्न विचारला.

"ते जाऊ द्या. खरी गंमत पुढेच आहे. आपल्या रोजच्या हवेच्या दाबाला हिरा टिकाऊ रूप नाहीच. टिकाऊ आहे ते ग्राफाइट, पेन्सिलीतलं शिसं. म्हणजे शास्त्राच्या हिशोबाने तुमच्या तिजोरीतला सगळा माल हळूहळू पेन्सिल व्हायला निघालाय."

शेठनी काटा बाजूला ठेवला. त्यांच्या घरातलं पंख्याचं कुरकुरणंसुद्धा मला ऐकू यायला लागलं.

"किती टाइम लागेल?"

"अब्जावधी वर्षं. मधलं टेकाड फार उंच आहे."

शेठनी श्वास सोडला. "तर मग चालेल. तोपर्यंत पार्टीचं पेमेंट येऊन जाईल." आणि जरा विचार करून म्हणाले, "बहुतेक."

चुरा करायला खलबत्ता लागला. तो कुणाला न विचारता घेतला, हे इथेच नोंदवून ठेवतो. चुऱ्याचं गणित मात्र मला आवडलं. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले, तर दगड तेवढाच, पण ॲसिडला भिडायला जागा साठ चौरस सेंटिमीटर. मी कुटत होतो आणि लेक वहीत आधीच निष्कर्ष लिहीत होती.

ॲसिडवर मात्र बायकोने सही केली नाही. बाथरूमची बाटली या घरात उघडायची नाही म्हणजे नाही. म्हणून व्हिनेगर घेतलं. परीक्षानळ्यांच्या जागी पाहुण्यांचे काचेचे ग्लास आले. चुऱ्याच्या ग्लासात भसकन फेस आला. दुसऱ्यात तुकडा तळाशी बसला आणि त्याच्या अंगावरून एकेक बुडबुडा सावकाश वर येत राहिला, कारकुनाच्या टेबलावरून फाइल यावी तसा. तो मला एकदम आपला वाटला.

तेवढ्यात समोरच्या बेन खमण ढोकळ्याचा डबा घेऊन आल्या. ग्लासातला फेस पाहून म्हणाल्या, "एमां शूं? आमच्याकडे रोज होतं हे." खरंच होतं. ईनोच्या पुडीत आंबट आणि खार शेजारी शेजारी गप्प बसलेले असतात. कोरडे आहेत तोवर भांडण नाही. ओल लागली की सगळा वायू काही सेकंदांत बाहेर, आणि पीठ तेवढ्यात वाफेवर गेलं नाही तर ढोकळ्याची चटई होते. बेनचा नियम बाराव्या मजल्यापर्यंत माहीत आहे: "ईनो नाख्या पछी वात नहीं करवानी!" त्या वेळी फोन वाजला तरी उचलत नाहीत. एकदा फोन त्यांच्या व्याह्यांचा होता, तरी नाही.

तापमानाचा धडा मला पूर्वीच मिळालाय. साधारण दहा अंश वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो, हे कुठेतरी वाचून मी घाई म्हणून चांगल्या कढत दुधात विरजण घातलं होतं. विरजणातले जिवाणू हा नियम एका मर्यादेपर्यंतच पाळतात, त्यापुढे मरतात. सकाळी पातेल्यात दूधच होतं, जरा दुखावलेलं. मे महिन्यात विरजण चिमूटभर आणि जानेवारीत चमचाभर, हे बायको बोट बुडवून ठरवते. थर्मामीटर तिने तापालासुद्धा कधी मनापासून मानला नाही.

"उत्प्रेरकाचं उदाहरण सांगा," लेक म्हणाली. "पुस्तकातलं नको, ते सगळे लिहितात."

हे मला एकदम जमणारं होतं. माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला. पूर्वी रस्त्याने जायचं तर तास-दीड तास कुठे गेला हे साकीनाक्यालाच ठाऊक. 8 जून 2014 ला मेट्रो सुरू झाली, वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत 11.4 किलोमीटर, बारा स्टेशनं, आणि या टोकापासून त्या टोकाला जेमतेम एकवीस मिनिटं. उत्प्रेरक कुणाला टेकाडावरून ढकलत नाही, तो कमी चढाची दुसरी वाट काढून देतो. आणि स्वतः खर्ची पडत नाही. सकाळी होता तसाच संध्याकाळी. असल्फ्याची डोंगरावरची रंगीत घरं आता मी खिडकीतून बघत जातो. इतकी वर्षं त्याच डोंगराच्या पायथ्याशी बसमध्ये उभा राहून फक्त पुढच्याची कॉलर बघितली होती.

"पण संध्याकाळी घाटकोपरला पुलावर केवढी गर्दी असते!" लेक म्हणाली. "संहती वाढली की वेग वाढतो ना?"

वाढतो, पण उत्प्रेरकाच्या अंगावर जागा असेपर्यंत. चार डब्यांना दारं आहेत तेवढीच आहेत. ती भरली, की पुलावर पाचशे माणसं उभी राहोत नाहीतर पाच हजार, मिनिटाला आत जाणार तेवढीच. कॉलेजात याला झिरो ऑर्डर म्हणतात. कॉलेजात मला ते कळलं नव्हतं. पाठीवरची सॅक पोटावर घेऊन पुलावर उभं राहिल्यावर कळलं. लोकलच्या दाराशीही तेच. नुसत्या धडकेने काही होत नाही, योग्य कोनातून धडकावं लागतं. रेणूंनाही हीच अट आहे. फक्त त्यांना पाठीमागून "चलो, चलो, अंदर जगह है" म्हणणारा कुणी नसतो.

तिने हे सगळं वहीत लिहिलं नाही. "मेट्रो" एवढं लिहून वही मिटली. माझं बोलणं चालूच होतं. मी माटुंग्याच्या यूडीसीटीवर आलो होतो, 1933 साली सुरू झालेली संस्था, आज आयसीटी म्हणतात. वायू आणि द्रव एकमेकांना किती वेगाने भिडतात यावर तिथल्या एम. एम. शर्मांनी एवढं काम केलं की 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण तोवर श्रोतृवर्गातला वायू निघून गेला होता. तुकड्याच्या ग्लासातून मात्र अजून एकेक बुडबुडा येत होता.

बेनचा डबा रिकामा कसा पाठवायचा? संध्याकाळी बायकोने खमंग काकडी केली. मूठभर दाणे खलबत्त्यात कुटले, लिंबू पिळलं, वरून फोडणी दिली. डबा भरून समोर गेला. मी पेपर वाचत होतो. खलबत्ता मी धुतला होता का, हा विचार माझ्या मनात आला तेव्हा समोरचं दार उघडल्याचा आवाजही आला.

शेठ दारात उभे होते. तोंडातला घास त्यांनी एका गालात थांबवला होता. मग अंगठा आणि तर्जनीत जिभेवरून काहीतरी बारीक उचललं, ट्यूबलाइटच्या खाली धरलं, सवयीने एक डोळा मिटला आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले, "हा आपला माल नाही."