शुद्धिपत्रवाले काका

आमच्या पॉडकास्टला पहिला अभिप्राय आला तो एका ताऱ्याचा. पाचपैकी एक. खाली मजकूर होता, ‘अत्युत्कृष्ट. असेच चालू ठेवा.’ मी आणि माझा मित्र अर्धा तास त्यातला टोमणा शोधत बसलो. टोमणा नव्हताच. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं तेव्हा गृहस्थ दुखावले. “अहो, पहिला नंबर दिला तुम्हाला. पाचवा कसा देऊ?”

आम्ही सत्तरच्या दशकातल्या सिनेमांवर बोलतो. स्टुडिओ वगैरे काही नाही. मित्राच्या बेडरूममध्ये खिडकीला गादी उभी लावायची, कपाटाचं दार उघडं टाकायचं आणि पंखा बंद करून घाम पुसत ‘जैत रे जैत’च्या निसर्गावर बोलायचं. बाकी श्रोत्यांची मतं साधी असतात. कमी हसा, लवकर मुद्द्यावर या, राजेश खन्नाला हात लावू नका. एका भागाच्या शेवटी आम्ही हौसेनं व्हॉट्सॲपचा नंबर सांगितला आणि तिथून शुद्धिपत्रवाले काका आमच्या आयुष्यात आले.

काका डोंबिवलीचे. मूळचे गिरगावातल्या चाळीतले, हे ते दर तिसऱ्या वाक्याला सांगतात. तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली, त्यामुळे लाल शाईची सवय रक्तात. त्यांचा व्हॉइस मेसेज एखाद्या पंचनाम्यासारखा सुरू होतो. “नमस्कार. भाग चौथा. मिनिट बावीस, सेकंद दहा.” मग चहाचा एक घोट, तोही रेकॉर्ड होतो. मग चूक. “तुम्ही म्हणालात, ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या कादंबरीवर. एका नव्हे, दोन. ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’. दुसरीनं काय घोडं मारलंय?” मागून काकूंचा आवाज येतो, “अहो, सकाळी सकाळी कोणाशी भांडताय?” “भांडत नाहीये. अभिप्राय देतोय.”

त्रासदायक भाग असा, की ते बरोबर असतात.

‘पिंजरा’च्या भागात कुकरची शिट्टी ऐकू आली होती. आम्हाला वाटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही. काकांनी तीन मोजल्या. “भात लागला असणार. पण गुरुजी तमाशाच्या फडात झिलकरी म्हणून उभे राहतात, तिथेच का लावलात?” ‘शोले’तला सांभा म्हणजे मॅक मोहन तीनच शब्दांसाठी लोकांच्या लक्षात आहे. त्या तीन शब्दांवर काका साडेनऊ मिनिटं बोलले.

सनावळीपेक्षा त्यांचं ‘आम्ही’ मोठं. ‘सोंगाड्या’ला 1971 साली दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांनी दादा कोंडक्यांच्या मागे शिवसेनेची ताकद उभी केली, हा किस्सा आम्ही ऐकीव म्हणून सांगितला. काकांचा निरोप आला : “ऐकीव कशाला? आम्ही होतो ना.” मला राहवलं नाही. निवृत्तीचं साल त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं, त्यावरून हिशेब केला. 1971 साली काका पाच वर्षांचे. तसं नम्रपणे लिहून पाठवलं. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी चार सेकंदांचा मेसेज, त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत लहान. “वडिलांच्या खांद्यावर होतो. तिथून जास्त दिसतं.”

‘शोले’च्या भागानंतर मात्र त्यांनी कहर केला. एका रात्रीत सात मेसेज. पहिला : सिनेमा पहिल्या दिवसापासून धो धो चालला हे साफ खोटं. सुरुवातीला थंड होता, जाणकारांनी पडला म्हणून लिहूनसुद्धा टाकलं, शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं का इथवर चर्चा गेली. मग पब्लिकनं उचलला आणि मिनर्व्हातून पाच वर्षं हलला नाही. दुसरा : मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, आणीबाणीतल्या सेन्सॉरनं तो बदलायला लावला. “माणसानं कायदा हातात घेतलेला चालला नाही त्यांना. हात नसताना!” इथे काका स्वतःच इतके हसले, की मेसेज तिथेच संपला. पाचवा विचित्र होता. “मिनिट एकेचाळीस. नाण्याचं नीट सांगितलेलं नाही. पुन्हा सांगा.” आम्ही हसलो. जयच्या नाण्याला दोन्ही बाजू सारख्याच, हे या देशात कोणाला सांगायचं राहिलंय?

पुढच्या रविवारी त्यांनी घरी बोलावलं. पोह्यांवर खोबरं पेरून होईपर्यंत त्यांनी माळ्यावरून एक चौकोनी पिशवी काढली. आत ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोरची रेकॉर्ड. कव्हरच्या चारही कोपऱ्यांना खाकी चिकटपट्टी, मागे पेनानं चाळीतल्या मंडळाचं नाव. गाण्यांची नव्हे, नुसत्या संवादांची रेकॉर्ड तेव्हा गणपतीत लाउडस्पीकरवर वाजायची, हे मी वाचलं होतं. हातात पहिल्यांदा घेतली.

“दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ही,” काका म्हणाले. “विसर्जनापर्यंत मला अख्खा पिक्चर पाठ.”

“पण तुम्ही मिनर्व्हाला...”

“वडील नेत नव्हते. मारामारीचा म्हणून.” ते रेकॉर्डवर फुंकर मारत बसले. “चौथ्या वर्षी गेलो. तोवर कानानंच बघितला. आमचा गब्बर होता ना, तो तालमीतल्या वस्तादांसारखा होता. हा एवढा मोठा. पडद्यावरचा बराच निघाला, पण तेवढा नाही.”

“आणि नाणं?” माझ्या तोंडून गेलं.

काकांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं. “नाणं नुसतं वाजतं हो रेकॉर्डवर. दोन्ही बाजू सारख्या असतात, हे ऐकून कसं कळणार? वीरू ते बघतो, बोलत नाही. तीन वर्षं चाळीतल्या पोरांना मी सांगायचो, जयचं नशीब जोरावर आहे, म्हणून जिंकतो. मिनर्व्हाच्या अंधारात कळलं. बाजूला मित्र होता. तो हसला.”

काकूंनी पोहे आणले. काकांनी रेकॉर्ड पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, आणि पोह्यांत शेंगदाणे जास्त झाल्याचं नोंदवलं.

पुढच्या भागाच्या सुरुवातीला आम्ही नाण्याचं नीट सांगितलं. दोन्ही बाजूंसकट, सावकाश, फक्त ऐकणाऱ्यांसाठी. सात मिनिटांत काकांचा मेसेज आला : “आता बरोबर.” तारा अजून एकच आहे.