आधी वाटप, मग तपासणी

मुंबईत घर मिळण्याआधी माणसाची जेवढी झडती होते, तिच्या निम्मी जरी जमिनीची झाली असती, तरी देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर इतक्या घाईने कुणी नकाशा पसरला नसता. पुनर्विकासासाठी धारावीत ड्रोन उडाले, लिडार फिरले, एकेक पोटमाळा मोजला गेला. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असेल आणि खोली तळमजल्यावर असेल, तर धारावीतच फुकट घर. 2000 ते 2011 मधले असाल तर अडीच लाख भरा आणि बाहेर जा. त्यानंतरचे किंवा वरच्या मजल्यावरचे असाल तर तुम्हीही बाहेरच, भाड्याच्या बोलीवर. वीजबिल काढा, मतदारयादी काढा.

आणि ज्या जमिनीवर या लोकांना पाठवायचे, तिची कागदपत्रे? ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने देवनार डम्पिंग ग्राउंडची सुमारे 124 एकर जागा धारावी प्रकल्पाला द्यायचे ठरवले. तिथला 185 लाख टन कचरा उपसण्याचे 2,368 कोटींचे टेंडर महापालिकेने काढले ते 2025 मध्ये. म्हणजे साखरपुडा उरकला, आता मुलगा काय करतो ते विचारू या.

प्रदूषित जमीन वापरात आणण्याचे काम जगात उलट्या क्रमाने चालते. आधी जुने नकाशे आणि दप्तरे चाळायची, इथे कोणी काय पुरले ते जुन्या कामगारांना विचारायचे. मग जागोजाग बोअर मारून माती, भूजल आणि मातीतला वायू प्रयोगशाळेत पाठवायचा. मग ठरवायचे, इथे गोदाम चालेल, वाहनतळ चालेल, की मुले मातीत खेळतील अशी वसाहतही चालेल. आपल्याकडे ‘माती परीक्षण झाले आहे’ म्हणून बिल्डर छातीठोक सांगतो, ते खरेही असते. पण ते परीक्षण एवढेच विचारते की ही जमीन किती मजल्यांचा भार पेलेल. तिच्यात शिसे किती, पारा किती, हे विचारायला ते बांधीलच नसते. गिरणगावातही भांडण पेटले ते बंद कापड गिरण्यांच्या जमिनीच्या तीन वाट्यांवरून. 1991 चा नियम, 2001 ची दुरुस्ती, 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सगळे झाले. रंगखात्याखालच्या मातीत काय मुरले आहे, हा प्रश्न मागच्या बाकावरच बसून राहिला.

मालाडचे माइंडस्पेस आठवते? जुन्या कचराभूमीवर काचेचे मनोरे उभे राहिले आणि काही वर्षांतच संगणक, एसी पटापट बंद पडू लागले. संशय गेला कचऱ्यातून निघणाऱ्या, धातूला गंजवणाऱ्या वायूंवर. तक्रार ऐकली गेली, कारण सर्व्हर बंद पडला की साता समुद्रापार कुणाचा तरी फोन वाजतो. खोकणाऱ्या पोराला कुठल्याही कंपनीची वॉरंटी नसते.

आता देवनारचा हिशेब मांडू. इथे 1927 पासून कचरा पडतो आहे. जानेवारी 2016 ची आग एवढी मोठी होती की धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हा सगळा ढीग तीन वर्षांत साफ करायचा आहे. 185 लाख टन भागिले तीन वर्षे म्हणजे रोज सुमारे 17 हजार टन, रविवार, दिवाळी आणि 26 जुलैच्या प्रलयासारखा पाऊस धरून. अख्खी मुंबई रोज जेवढा कचरा टाकते, त्याच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. मुलुंडला 70 लाख टनांसाठी सहा वर्षे दिली होती, तीही पुरली नाहीत. देवनारला बहुधा मुहूर्त चांगला लागला असावा.

नियम नाहीत असे मात्र म्हणू नका. 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिले होते की बंद झालेल्या भरावभूमीवर 15 वर्षे देखरेख ठेवायची, आणि वायू, झिरपणारे पाणी, जमिनीची स्थिरता हे सगळे ठीक असेल तरच वस्तीचा विचार करायचा. यावर तयार उत्तर असते: आम्ही कचराच उचलतो आहोत, मग भराव उरला कुठे? उत्तर बिनतोड आहे. फक्त जवळजवळ शंभर वर्षे काळे पाणी खाली झिरपत राहिले, ते ठाणे खाडीच्या चिखलात मुरले आहे, आणि चिखल काही टेंडर वाचत नाही. शिवाय उपसलेला कचरा चाळणीतून काढला की खाली जी बारीक माती पडते, ती सखल जागा भरायला चालते. म्हणजे देवनारचे थोडे देवनार आणखी कुठल्या तरी पायाखाली जाणार.

जुलै 2025 मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी खास नियम आणले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, 90 दिवसांत प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी, 189 घातक रसायनांची यादी, आणि खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल. वाचून ऊर भरून आला. पुढे अपवाद वाचले. कचराडेपोंतला घनकचरा या नियमांच्या कक्षेबाहेर! त्याला म्हणे वेगळे नियम आहेत. ते आपण वर पाहिलेच.

तरीही ‘घाण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व इथे नकळत पाळले गेले आहे. 2,368 कोटी महापालिकेचे, म्हणजे आपले, आणि देवनारचा डोंगरही मलबार हिलपासून मुलुंडपर्यंत आपणच रचलेला. फक्त एक नाव घाण करणाऱ्यांच्या यादीत चुकून आले आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये माणसे पिढ्यानपिढ्या आपले प्लॅस्टिक, पत्रा, पुठ्ठा निवडत बसली, म्हणून तेवढा माल देवनारला पोचलाच नाही. त्यांच्यातल्या ज्यांच्या वीजबिलावर चुकीचे साल आहे, त्यांना आता उरलेल्या मालावर राहायला पाठवायचे आहे.