पुडीत बांधून द्या

महाराष्ट्रातली सर्वांत झटपट तपासणी मेडिकलच्या काउंटरवर होते. ‘पोटात दुखतंय’ म्हणायचा अवकाश, मेफ्टलच्या पट्टीवर कात्री चालते. प्रश्न एकच : किती देऊ?

त्याच काउंटरवर माला-डी मागून बघा. आधी भुवई वर जाते, मग आवाज खाली येतो, मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळले जाते. (या सदराचा तेवढा तरी उपयोग होतो.)

आता कायदा बघा. मेफ्टलमधले मेफेनॅमिक ॲसिड अनुसूची ‘एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. माला-डीला चिठ्ठी लागत नाही, तशीच गोळी आशाताई घरपोच देतात.

चिठ्ठीवाली मोकळी फिरते, बिनचिठ्ठीवालीला कागदाचा पदर!

दोन्ही गोळ्या एकाच पर्समध्ये आल्या की कुजबुज सुरू होते. दुखण्याची गोळी घेतली तर ‘ती’ बाद होते म्हणे? नाही हो. कळा येतात प्रोस्टाग्लँडिनमुळे. वेदनाशामक ते तयार होऊ देत नाही आणि ‘ती’ गोळी गर्भाशयाचे अस्तरच पातळ ठेवते. दोघींचे छान जमते. गोळीचा परिणाम खरोखर उतरवते ते रिफाम्पिसिन, क्षयाचे औषध.

पण क्षयही लपवायचा आणि गोळीही लपवायची. मग कोण कुणाला सांगणार?

खरी मेख रक्ताच्या गुठळीत आहे. डेन्मार्कमधल्या सुमारे २० लाख स्त्रियांच्या १९९६ ते २०१७ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात गुठळीच्या जादा घटना किती? हार्मोनची साधने न वापरणाऱ्यांत लाखात ४. जास्त जोखमीची साधने वापरणाऱ्यांत २३. माला-डीसारख्या गोळ्यांच्या मधल्या गटात ११. मेफेनॅमिकही त्याच कुळातले.

लाखात २३ म्हणजे झोप उडवण्यासारखे काही नाही. विचारण्यासारखे मात्र नक्कीच आहे.

विचारतो कोण? आणि विचारले तरी उत्तर काय येणार? ‘जास्त जोखमी’च्या यादीत ड्रोस्पिरेनोनवाल्या गोळ्या आहेत, म्हणजे पीसीओडीसाठी, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी मुलींना लिहून दिल्या जातात त्याच. डॉक्टर विचारतात, ‘संततिनियमनाची गोळी चालू आहे का?’ ती चमकते. ‘इश्श, नाही! माझं लग्न कुठं झालंय?’

खोटे बोलत नाही बिचारी. ती पुटकुळ्यांची गोळी घेते!

भाद्रपदात तर आणखी मजा. गौरी आणि पाळी एकाच आठवड्यात येणार असे दिसले की नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घरात येतात. आई आणते, काकू आठवण करते, ‘तीन वेळा घ्यायच्या हं’. तिथे ना भुवई, ना कागद. शरीरात गेल्यावर या गोळीचाही थोडा भाग इस्ट्रोजेन होतो आणि गुठळीचा इशारा तिच्याही माहितीपत्रकावर असतो.

पण देवासाठी घेतली की ती हार्मोनची गोळी राहत नाही.

पस्तिशी उलटली आहे, सिगारेट ओढता, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकते, घरात कुणाला गुठळी झाली होती? मग वेदनाशामकाच्या आधी दोन शब्द डॉक्टरांशी बोला. तोवर पॅरासिटामॉल आहे, गरम पाण्याची पिशवी आहे. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर बाम चोळत बसू नका. तडक रुग्णालय गाठा आणि पर्समधल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ठेवा.

सोबत सासूबाई आल्यात? असू द्या, त्यांनाही आत घ्या. पाळी पुढे ढकलायच्या गोळीचे नाव डॉक्टरांना त्याच सांगतील, स्पेलिंगसकट.